जुन्या मॉनिटरवर केबल टीव्ही : एचडी बॉक्स, एव्हीची डबी आणि ट्यूनर बॉक्स, तिन्ही वापरून लिहितोय

आधी निकाल सांगतो, मग बाकीचं. घरात एचडीएमआयचं पोर्ट असलेला कॉम्प्युटरचा मॉनिटर पडून असेल तर त्यावर केबल टीव्ही मस्त दिसतो, ट्यूनर कार्ड वगैरे काहीही लागत नाही, कॉम्प्युटर चालू ठेवावा लागत नाही, फक्त केबलवाल्याकडून एचडी सेट टॉप बॉक्स मागून घ्या आणि आवाज कुठून काढणार ते आधी बघून ठेवा. मॉनिटर नुसता व्हीजीएवाला (फक्त चित्र नेणारं जुनं ॲनालॉग पोर्ट) असेल तर मात्र दहा वेळा विचार करा, कारण तिथे थोडे थोडे करून पैसे जात राहतात आणि चित्र काही मनासारखं येत नाही.

आमच्याकडे गरज अशी होती की हॉलमधल्या टीव्हीवर संध्याकाळी सातपासून आईच्या मालिका आणि त्याच वेळेला बाबांना बातम्या किंवा मॅच, आणि वर्क फ्रॉम होमच्या वेळी घेतलेला बावीस इंची मॉनिटर बेडरूममध्ये नुसता धूळ खात होता. दुसरा टीव्ही घ्यायचा म्हणजे दहा-बारा हजार तरी जाणार. मोबाईलवर ॲप आहेत हे मला माहीत आहे, पण बाबांना रिमोटवर नंबर दाबून चॅनल लावायची सवय आहे आणि ती बदलायची त्यांची इच्छा नाही, आणि का बदलावी? म्हणून हा सगळा उद्योग केला, आणि आता तिन्ही पद्धती लावून बघितल्यात तर ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे मॉनिटरला ट्यूनर नाही मग केबल कशी चालणार. तर ट्यूनरचं काम एवढंच, की केबलच्या एका वायरीतून शेकडो चॅनल एकदम येत असतात त्यातला आपल्याला हवा तो वेगळा काढायचा. ॲनालॉग केबल होती तेव्हा हे काम टीव्हीच्या आतला ट्यूनर करायचा, वायर थेट टीव्हीच्या मागे खोचली की झालं, सिग्नल कमी असला की मुंग्या यायच्या पण चॅनल लागायचं. तेव्हा मॉनिटरवर केबल बघायची तर ट्यूनर घ्यावाच लागायचा. मग केबल टीव्हीच्या कायद्यात २०११ साली बदल झाला आणि टप्प्याटप्प्याने सेट टॉप बॉक्स सक्तीचा केला, पहिल्या टप्प्यात ऑक्टोबर २०१२ अखेर मुंबई, दुसऱ्या टप्प्यात मार्च २०१३ अखेर आपलं पुणे धरून ३८ शहरं, आणि पुढे २०१७ पर्यंत बाकीचा देश. तेव्हापासून वायरीतून येणारा सिग्नल डिजिटल आहे आणि पे चॅनल लॉक केलेले असतात. ते लॉक फक्त केबलवाल्याचा बॉक्स उघडू शकतो. म्हणजे चॅनल शोधणारा ट्यूनर आणि लॉक उघडणारी किल्ली दोन्ही त्या बॉक्समध्येच आहे, आणि तुम्ही पन्नास हजारांचा टीव्ही घेतलात तरी केबलच्या बाबतीत त्याचा स्वतःचा ट्यूनर रिकामाच बसून असतो. टीव्ही तिथे फक्त स्क्रीन आणि स्पीकरचं काम करतो. यातलं स्क्रीनचं काम मॉनिटर उत्तम करतो, उरतो तो फक्त आवाज.

आता पहिली पद्धत, जी आमच्याकडे कायमची ठेवली आहे ती. एचडी बॉक्स, मागे एचडीएमआय, तिथून सरळ वायर मॉनिटरला. वायर दीड मीटरची साधी घ्या, कोणी महागडी गळ्यात मारायला बघेल तर घेऊ नका, केबलच्या १०८० रिझोल्युशनला साधी वायर भरपूर पुरते. चित्र इतकं स्वच्छ येतं की बाबा पहिल्या दिवशी म्हणाले, हॉलपेक्षा इथेच छान दिसतंय, आणि ते खरंच आहे कारण बावीस इंचात फुल एचडी म्हणजे ठिपके खूप जवळजवळ येतात. स्टार प्रवाह किंवा झी मराठीचं एचडी चॅनल लावून बघा, लगेच कळेल.

पण एक अडचण इथे बऱ्याच जणांना येते आणि मग ते मॉनिटर खराब आहे समजून सोडून देतात. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला ५० वेळा चित्र बदलणारं आहे आणि एचडी बॉक्स बहुतेक वेळा १०८०आय ५० हर्ट्झवर सेट होऊन येतो. कॉम्प्युटरचे मॉनिटर ६० हर्ट्झच्या हिशोबाने बनवलेले असतात. काही ५० घेतात, काही घेत नाहीत, आणि १०८०आय मधला तो आय, म्हणजे अर्ध्या अर्ध्या ओळी आलटून पालटून पाठवायची पद्धत, ती तर बऱ्याच मॉनिटरना झेपतच नाही. मग स्क्रीनवर ‘आऊट ऑफ रेंज’ किंवा ‘इनपुट नॉट सपोर्टेड’ असं काहीतरी येतं नाहीतर नुसता काळा पडदा. यावर उपाय साधा आहे. बॉक्स आधी हॉलमधल्या टीव्हीला जोडा, मेनूत जाऊन व्हिडिओ आउटपुट ७२०पी करा (पी म्हणजे सगळ्या ओळी एकदम), सेव्ह करा, आणि मग तो उचलून मॉनिटरला लावा. चालला की मग १०८०पी असेल तर ते करून बघा. मेनूत १०८०पी नसेल तर ७२०पी वर ठेवलं तरी बावीस इंचावर फरक डोळ्यांना जाणवत नाही, मी दोन्ही शेजारी शेजारी बघितलंय. पण मॉनिटर ५० हर्ट्झ घेतो की नाही हे आधी त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा, तिथे कोणकोणती रिझोल्युशन चालतात त्याचा तक्ता असतो, आणि नवीन मॉनिटर या कामासाठीच घेणार असाल तर दुकानात बॉक्स नेऊन लावून बघायला लाजू नका. तपकीर गल्लीतल्या ज्या दुकानातून मी बाकी वायरी घेतल्या तिथल्या काकांनी स्वतःहून सांगितलं की बॉक्स घेऊन ये, लावून दाखवतो, मगच पैसे दे. असे दुकानदार मिळाले की तिथूनच घ्यावं, ऑनलाईन पन्नास रुपये वाचवण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

दुसरा मुद्दा एचडीसीपीचा. एचडी बॉक्स एचडीएमआयमधून चित्र पाठवताना समोरच्या स्क्रीनला विचारतो की तू ओळखीचा आहेस का, आणि समोरून बरोबर उत्तर आलं नाही तर चित्र बंद करतो किंवा एचडी चॅनलवर मेसेज दाखवतो. कॉपी होऊ नये म्हणून ती सोय आहे. एचडीएमआय असलेल्या बहुतेक मॉनिटरमध्ये हे असतंच, प्रश्न येतो तो जुन्या डीव्हीआय पोर्टवाल्या मॉनिटरचा, त्यातल्या काहींमध्ये असतं काहींमध्ये नसतं, म्हणून एचडीएमआय टू डीव्हीआय वायर घेण्याआधी मॉनिटरच्या स्पेसिफिकेशनमध्ये एचडीसीपी लिहिलंय का ते बघा. लिहिलं असेल तर चित्र एचडीएमआयइतकंच स्वच्छ येतं.

आता आवाज. या सगळ्या प्रकरणातला खरा कस इथे लागतो आणि लोक याचा विचार सगळ्यात शेवटी करतात. बहुतेक मॉनिटरना स्पीकर नसतो. ज्यांना असतो त्यांचाही इतका बारीक असतो की पंखा फुल असला तर संवाद ऐकू येत नाहीत. पण एचडीएमआय असलेल्या खूप मॉनिटरच्या मागे किंवा बाजूला हेडफोनचं छोटं भोक असतं, आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरमध्ये जातो आणि तिथून बाहेर येतो. त्यात कॉम्प्युटरचे साधे दोन स्पीकर लावले की काम झालं, आमच्याकडे तसंच आहे. मॉनिटरला हे भोक नसेल तरी घाबरू नका, बॉक्सच्या मागे एव्ही आउट असतं, लाल आणि पांढरी पिन आवाजाची आणि पिवळी चित्राची, यातल्या लाल-पांढऱ्या तेवढ्या स्पीकरला द्या, चित्र एचडीएमआयने जाऊ द्या. दोन्ही एकदम चालतं. छोट्या बॉक्सना तीन पिनांच्या ऐवजी एकच गोल भोक असतं, त्याची वायर वेगळी मिळते, पण ती बॉक्सबरोबर आलेलीच वापरा कारण बाजारातल्या सगळ्या वायरींची आतली जोडणी सारखी नसते आणि मग पिवळ्या पिनेत आवाज आणि लाल पिनेत चित्र असला गोंधळ होतो.

आणि हे लक्षात ठेवा, साध्या चॅनलला आवाज येतो आणि एचडी चॅनल लावलं की आवाज गायब, असं झालं तर स्पीकरला दोष देऊ नका. काही एचडी चॅनलचा आवाज डॉल्बीमध्ये येतो आणि मॉनिटरला ते उलगडता येत नाही. बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन डॉल्बीच्या जागी पीसीएम किंवा स्टिरिओ करा, आवाज लगेच येतो, आणि वर बॉक्सच्या रिमोटने आवाज कमी-जास्तही होऊ लागतो जो आधी होत नव्हता. हे एक सेटिंग माहीत नसल्यामुळे कितीतरी जण आवाज वेगळा काढायची डबी विकत घेतात, जिची गरज नसते.

रिमोटचं म्हणाल तर मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं निघालं. मॉनिटरला रिमोट नसतो हे खरं, पण बॉक्स रिमोटने बंद केला की एचडीएमआयचा सिग्नल जातो आणि मॉनिटर आपोआप झोपतो, बॉक्स चालू केला की जागा होतो. बाबांना एकच रिमोट पुरतो. हॉलमधल्या टीव्हीला दोन रिमोट लागतात, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांसाठी ही गोष्ट उलट जास्त सोयीची आहे. फक्त तुमचा बॉक्स स्टँडबायमध्येही सिग्नल सोडत राहतो का ते बघून घ्या, काही सोडतात, मग मॉनिटर काळा पडदा घेऊन चालूच राहतो.

या जोडणीला माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो एसडी, म्हणजे एचडी नसलेल्या साध्या चॅनलसाठी. एसडीचं चित्र मुळात ७२० बाय ५७६ चं, ते ताणून फुल एचडी मॉनिटरवर दाखवलं आणि तुम्ही तीन फुटांवर बसलात तर पुसट दिसणारच. टीव्ही आपण लांबून बघतो, मॉनिटर जवळून, त्यामुळे हे जास्त जाणवतं. जुने कार्यक्रम दाखवणाऱ्या चॅनलवर माणसं आडवी जाड दिसत असतील तर बॉक्समध्ये स्क्रीनचा आकार बदलायचं सेटिंग असतं, तिथे ताणून दाखवायचं बंद करा, बाजूला काळ्या पट्ट्या येतील पण चेहरे नीट दिसतील.

दुसरी पद्धत, साधा एसडी बॉक्स आणि मध्ये एव्ही टू एचडीएमआयची डबी. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी पांढरी किंवा काळी डबी असते, एका बाजूला तीन पिना, दुसऱ्या बाजूला एचडीएमआय, यूएसबीवर चालते आणि ७२० की १०८० निवडायचं एक बारीक बटण असतं. काही शे रुपयांना मिळते. ज्यांच्या केबलवाल्याने जुना बॉक्स दिलाय ज्याला एचडीएमआयच नाही त्यांना हाच मार्ग आहे. चालते का, तर चालते. लावली की लगेच चित्र येतं आणि मॉनिटर कुरकूर करत नाही, कारण ही डबी स्वतःच ६० हर्ट्झ करून पाठवते. पण तिथेच तिची कमतरता आहे. ५० चं ६० करताना हालचाल अडखळते. बातम्यांच्या चॅनलवर खाली जी पट्टी सरकत असते ती बघा, सरळ न जाता हिसके देत जाते, आणि मॅचमध्ये कॅमेरा चेंडूच्या मागे फिरला की डोळ्यांना त्रास होतो. रंगही जरा उडालेले, लाल रंगाच्या कडा पसरलेल्या. डबीवर १०८० लिहिलंय म्हणून चित्र एचडी होत नाही, आत जाणारं पिवळ्या पिनेचंच असतं, ते फक्त मोठं करून मिळतं. मालिका बघणाऱ्याला हे सगळं फारसं जाणवणार नाही, आमच्या आईला तर फरकच वाटला नाही, पण बाबांना मॅचला अजिबात चाललं नाही. आणि बॉक्सच्या यूएसबीवर ही डबी चालवू नका, पुरेसा करंट मिळाला नाही की चित्र येतं-जातं, मोबाईलचा जुना चार्जर द्या. पाचपैकी अडीच.

मात्र एका कामासाठी ही डबी खरंच छान आहे. एकच कनेक्शन आहे आणि हॉलमध्ये चालू आहे तेच स्वयंपाकघरात पण बघायचंय, तर बऱ्याच बॉक्समधून एचडीएमआय आणि एव्ही एकाच वेळी चालू असतात, एचडीएमआय टीव्हीला आणि एव्ही लांब वायरीने या डबीतून मॉनिटरला. चॅनल दोन्हीकडे तोच दिसणार आणि बदलायला हॉलमध्ये यावं लागणार, पण महिन्याचा जास्तीचा खर्च शून्य. पोळ्या करताना मालिका चुकत नाही.

तिसरी पद्धत म्हणजे जुन्या व्हीजीए मॉनिटरला बाहेरून जोडायचा टीव्ही ट्यूनर बॉक्स. पंधरा वर्षांपूर्वी हॉस्टेलवर आणि एका खोलीच्या घरांमध्ये याची खूप चलती होती, केबलची वायर थेट यात, व्हीजीए मॉनिटरला, कॉम्प्युटर बंद असला तरी टीव्ही चालू. अजूनही काही दुकानांत शिल्लक माल मिळतो आणि ऑनलाईन तर ‘मॉनिटरला टीव्ही बनवा’ म्हणून विकतात. कृपया लक्षात घ्या, यातला ट्यूनर ॲनालॉग आहे आणि आजच्या केबलच्या वायरीवर त्याला काहीही सापडत नाही, सर्च लावला की शून्य चॅनल. विकणारा हे सांगत नाही. त्याचा उपयोग फक्त त्याच्या पिवळ्या पिनेच्या इनपुटपुरता, म्हणजे सेट टॉप बॉक्स एव्हीने याला जोडायचा आणि याने ते व्हीजीएवर दाखवायचं. मग नवीन घेऊन हजार-दीड हजार कशाला घालवायचे? घरात आधीचा पडलेला असेल तर जरूर वापरा, नवीन घेऊ नका. पाचपैकी एक, तो पण ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांच्यासाठी.

व्हीजीए मॉनिटरला एचडीएमआय टू व्हीजीएची शेपटीवाली वायर पण मिळते. ही लॅपटॉपला चांगली चालते म्हणून लोक बॉक्सला लावतात आणि इथे मघाचं एचडीसीपी आडवं येतं, एचडी चॅनल काळे पडू शकतात. शिवाय ती वायर वीज बॉक्सच्या एचडीएमआय पोर्टमधून खेचते आणि त्या पोर्टने किमान ५५ मिलीॲम्प द्यावा एवढाच नियम आहे, तेवढ्यात काहींचं भागत नाही. घ्यायचीच असेल तर वेगळ्या यूएसबी पॉवरची सोय आणि आवाजाचं भोक असलेली घ्या, आणि परत करता येईल अशा बोलीवरच घ्या.

पैशांचं थोडं. दुसऱ्या बॉक्ससाठी केबलवाला पूर्ण पॅकचे पैसे सांगेल. ट्रायने, म्हणजे केबलचे दर-नियम ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० पासून असं ठरवलं होतं की घरातल्या दुसऱ्या आणि पुढच्या टीव्हीला नेटवर्कचं भाडं, म्हणजे एनसीएफ, पहिल्याच्या ४० टक्क्यांच्या वर घ्यायचं नाही. मूळ एनसीएफची १३० रुपयांची मर्यादा, जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे, ती २०२४ मध्ये उठवली, त्यामुळे आता भाडं कंपनीगणिक वेगळं असू शकतं आणि विचारूनच घ्यावं लागतं. विचारा मात्र नक्की, दुसऱ्या कनेक्शनला कमी एनसीएफ लावा म्हणून स्पष्ट सांगा आणि चॅनल सगळे परत घेऊ नका. बेडरूमच्या बॉक्सवर आम्ही फक्त मराठी बातम्या, दोन स्पोर्ट्स आणि फुकटचे चॅनल ठेवलेत, बिल हॉलच्या मानाने खूपच कमी येतं.

ज्यांना महिन्याचं भाडंच नकोय त्यांनी डीडी फ्री डिशचा विचार करा. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं काही नाही, सह्याद्री दिसतं, आणि बॉक्स घेताना एचडीएमआयवाला मागितला की मॉनिटरला वर सांगितलं तसाच जोडायचा. गावाकडे मामांकडे असंच लावून दिलंय.

शेवटची गोष्ट मॉनिटर निवडायची, कारण हे कोणी सांगत नाही. स्वस्त जुने मॉनिटर टीएन पॅनलचे असतात, समोर बसलं तर छान पण पलंगावर आडवं होऊन खालून बघितलं की रंग उलटे आणि चेहरे काळपट दिसतात. पडून टीव्ही बघणारं माणूस घरात असेल तर आयपीएस पॅनलचाच घ्या, किंवा आहे तो भिंतीवर लावून पुढे थोडा वाकवा. मागे चार स्क्रूची भोकं १०० मिलिमीटर अंतरावर असतील तर टीव्हीचा साधा वॉल माउंट बसतो, काही छोट्या मॉनिटरना ७५ चं अंतर असतं, ते मोजून मगच स्टँड आणायला जा, आणि बॉक्स मॉनिटरच्या मागे लपवू नका, रिमोटचा डोळा समोर दिसला पाहिजे.